चांदीपुरा विषाणू : विदर्भात सापडलेल्या एका विषाणूची रचना, उगम आणि वर्गीकरण यांचा इतिहास

प्रस्तावना :
विषाणूशास्त्राचा इतिहास सांगताना आपल्या पाठ्यपुस्तकांतून इव्हानोव्हस्की (1892), बायजेरिंक (1898) आणि तंबाखूच्या पानावरील विषाणूचे स्फटिक मिळविणारा स्टॅन्ले (1935) ही नावे क्रमाने येतात. ती यथायोग्यच होत. परंतु या शास्त्राच्या जागतिक नामावलीत विदर्भातील एका स्थळाचे नाव कायमचे कोरले गेले आहे, याची जाणीव विदर्भातील प्राध्यापकवर्गातही फारशी आढळत नाही. प्रस्तुत लेखात त्या विषाणूच्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

शोध आणि विस्मरण :
1952 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्याने पुणे येथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. 1978 पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा शोध हा या केंद्राचा मूळ हेतू होता. 1965 साली नागपूर परिसरात तापाची साथ आली. ती मुख्यतः चिकुनगुन्या व डेंग्यूची होती. परंतु चांदीपुरा येथील दोन रुग्णांच्या रक्तात या दोहोंशी न जुळणारा विषाणू मिळाला. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी 1967 मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली आणि स्थळावरून त्यास नाव दिले. पुढे महाराष्ट्रातच वालुमाशीच्या शरीरातूनही तो वेगळा करण्यात आला. तथापि दोन तापकऱ्यांपलीकडे त्याच्या हातून काही घडलेले दिसत नसल्याने तो बराच काळ केवळ नोंदवहीत राहिला. 1983 साली तीव्र मेंदूविकाराच्या रुग्णाच्या रक्तातून तो मिळाल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हाही त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही.

2003 च्या उन्हाळ्याअखेरीस व पावसाळ्यात आंध्र प्रदेशात 329 बालके मेंदूज्वराने आजारी पडली व त्यांपैकी 183 दगावली. अनेक बालके लक्षणे दिसू लागल्यापासून एक-दोन दिवसांतच मृत्यू पावली. हा जपानी मेंदूज्वर असावा, असा प्रथम समज होता. मेंदूच्या रक्तवाहिनीतील विकार हेच कारण असल्याचे मतही मांडले गेले. पुण्याच्या संस्थेने मात्र चांदीपुरा विषाणूकडे बोट दाखविले. विषाणूचे नाव-गाव आधी नोंदविलेले नसते तर हे निदान इतक्या लवकर शक्य झाले नसते. वर्गीकरण म्हणजे निव्वळ कपाटे लावण्याचे काम, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य लक्षात घ्यावा.

रचना व वर्गीकरण :
हा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असून त्याची लांबी सुमारे 150 ते 165 नॅनोमीटर असते. आत सुमारे 11,000 न्यूक्लिओटाइडांचा एकपदरी आर.एन.ए. असून त्यात अवघ्या पाच प्रथिनांची माहिती साठविलेली असते. बाहेरील मेदावरणावर ग्लायकोप्रथिनाचे काटे असतात. त्यांच्या साहाय्याने तो पेशीला चिकटतो. त्याचा आर.एन.ए. ऋण स्वरूपाचा असतो, म्हणजे पेशीला तो थेट वाचता येत नाही. त्यामुळे तो वाचण्यासाठी लागणारे विकर विषाणूला स्वतःबरोबरच आणावे लागते. याच वेसिक्युलोव्हायरस प्रजातीतील, गुरांना तोंडाचा व खुरांचा आजार देणाऱ्या एका विषाणूत असे विकर असल्याचे 1970 मध्ये डेव्हिड बाल्टिमोर व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. 1971 साली त्यांनी विषाणूंचे जे वर्ग पाडले, त्यांतील पाचवा वर्ग याच ऋण आर.एन.ए. विषाणूंचा होय.

1966 मध्ये विषाणूंच्या नामकरणासाठी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. चांदीपुरा विषाणू ऱ्हॅब्डोव्हिरिडी कुळात मोडतो. ऱ्हॅब्डॉस या ग्रीक शब्दाचा अर्थ छडी. आज त्याचे शास्त्रीय नाव 'वेसिक्युलोव्हायरस चांदीपुरा' असे लिहिले जाते. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांना गावांची नावे न देण्याची सूचना केली. ती योग्यच आहे. पण हे नाव तत्पूर्वीचे असल्यामुळे टिकून आहे. (जाता जाता, लॅटिन 'व्हायरस' व संस्कृत 'विष' हे शब्द एकाच मूळ धातूचे मानले जातात, त्यामुळे 'विषाणू' हा मराठी प्रतिशब्द अपघाताने नव्हे, तर नात्याने जुळला आहे.)

उगम :
विषाणू कोठून आले, यासंबंधी तीन मते आहेत : पेशींचा ऱ्हास होऊन, पेशीतील जनुके निसटून, अथवा पेशींच्याही आधी. चांदीपुऱ्याच्या कुळासाठी यांपैकी एकच मत निर्णायकपणे स्वीकारता येईल, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. मात्र त्याच्या अलीकडच्या वंशाबद्दल अधिक ठामपणे बोलता येते. 2015 साली चीनमधील संशोधकांनी संधिपाद प्राण्यांच्या 70 जातींत 112 नवे विषाणू शोधले. ऋण आर.एन.ए. विषाणूंच्या वंशवृक्षाच्या जवळजवळ सर्व फांद्या कीटकादी जीवांपाशी येऊन भिडतात, असे त्यातून दिसले. म्हणजे वालुमाशी ही केवळ वाहक नसून कदाचित या कुळाची जुनी यजमानीणच आहे, आणि मनुष्य उशिरा आलेला पाहुणा.

वालुमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यातील ओलसर कचऱ्यात वाढते. महागाव तालुक्यातील फुलसावंगी परिसरात राहणाऱ्यांना हे वर्णन परके वाटू नये. 2007 मध्ये पूर्व विदर्भात पुन्हा साथ आली. 2024 च्या जून ते ऑगस्टदरम्यान तीव्र मेंदूज्वराच्या 245 रुग्णांपैकी गुजरात व राजस्थान मिळून 64 जणांत हाच विषाणू निश्चित झाला. एकूण 82 रुग्ण मृत्युमुखी पडले. या विषाणूवर खास औषध नाही, मान्यताप्राप्त लसही नाही. फवारणी, भिंतींच्या भेगा लिंपणे व बालकास वेळेत अतिदक्षता विभागात पोहोचविणे, एवढेच तूर्त हाती आहे.