खिशाला लावायचं पेन

गेल्या महिन्यात माझ्याजवळचं सगळ्यात देखणं पेन मी देऊन टाकलं. संग्रह म्हणावा इतकी पेनं माझ्याकडे नाहीत. बिस्किटाच्या जुन्या डब्यात अकरा आहेत. विल्सन, प्लेटो, कॅम्लिन, दोन चिनी हीरो, अशी. बहुतेकांची टोपणं तडकलेली आणि निबं घासलेली, कारण ती मी शाळेत वापरली. बारावं मात्र वेगळ्या डबीत असायचं. पार्कर ५१, गडद लाल रंगाचं, सोनेरी टोपणाचं. त्याने मी आयुष्यात पाच पानंही लिहिली नसतील.

ते मूळचं बाबांचं. बाबा कोकणात एका तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांचे एक मित्र बोटीवर नोकरीला होते, त्यांनी १९५८ साली एडनच्या बाजारातून ते आणून दिलं. कचेरीत बाबा टाकाने लिहीत. हे पेन लग्नाकार्याला कोटाच्या खिशाला लागायचं, सोनेरी क्लिप बाहेर दिसेल असं. घरी आल्यावर रुमालाने पुसून पुन्हा डबीत. त्यात शाई क्वचितच असायची. आम्हा भावंडांना हात लावायची बंदी होती. बाबा १९८४ साली गेले आणि पेन माझ्याकडे आलं. साडीला खिसा नसतो, त्यामुळे माझ्याकडे त्याचं तेवढंही काम उरलं नाही.

निवृत्तीनंतर या पेनचा इतिहास वाचला आणि थोडी लाजच वाटली.

पार्कर कंपनीची गोष्ट एका मास्तरापासून सुरू होते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या जेन्सव्हिल गावी जॉर्ज पार्कर तारायंत्र शिकवायचा आणि जोडीला विद्यार्थ्यांना दुसऱ्या एका कंपनीची पेनं विकायचा. ती बिघडत, मग दुरुस्तीही त्याच्याच गळ्यात. दुरुस्त करता करता त्याने स्वतःचं पेन तयार केलं आणि १८८९ साली पहिलं पेटंट घेतलं. पोरांची गळकी पेनं आणि निळी बोटं मीही जन्मभर पाहिली, त्यामुळे या माणसाबद्दल मला आपुलकी आहे.

कंपनी आपला जन्म १८८८ सालचा मानते. त्या हिशेबाने एक्कावन्नाव्या वर्षी, १९३९ साली, हे पेन आकाराला आलं म्हणून त्याचं नाव ५१. अमेरिकेच्या बाजारात ते १९४१ साली आलं. त्यामागची अडचण अगदी घरगुती होती. शाई वाळायला वेळ लागतो, हात लागला की अक्षर फरकटतं, म्हणून प्रत्येक मेजावर टीपकागद लागायचा. पार्करवाल्यांनी कागदावर पडताच वाळणारी शाई केली. पण अशी शाई निबावरही वाळणार! शिवाय ती क्षारयुक्त. त्या काळी पेनं ज्या सेल्युलॉइडची होत, ते तिने खराब होई. मग शाईसाठी अख्खं पेनच नव्याने बांधावं लागलं. निब नळीच्या आत झाकून घेतलं, बाहेर फक्त टोक. निबामागे बारीक खाचांचा एक भाग बसवला, तो जास्तीची शाई धरून ठेवतो आणि निब ओलं राहतं. नळी केली ल्युसाइटची, म्हणजे युद्धात विमानांच्या पारदर्शक छतांना जे प्लास्टिक वापरलं त्याची.

१९४८ साली शाई भरायची सोयही बदलली. मागची नळी काढली की धातूच्या वेष्टनात एक पट्टी दिसते, ती दाबायची आणि सोडायची. आतली पिशवी रबराची नाही, प्लास्टिकची. रबर चिकट होऊन कुजतं, ही अजून शाई ओढते. भरायची कृती त्या वेष्टनावरच कोरलेली आहे. ज्याने हे सगळं केलं त्याच्या डोळ्यांसमोर दिवसभर लिहिणारा माणूस होता. कोटाचा खिसा नव्हता.

मग आमच्याकडे ते दागिना कसं झालं? दुर्मिळतेमुळे. स्वदेशीच्या काळात आपल्याकडे लेखनाचं सामान तयार होऊ लागलं होतं. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली, तेच पुढचे कॅम्लिन. राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनी स्वदेशी पेन करून गांधीजींना पाठवलं. गांधीजींनी ते आधी वापरलं आणि मग १९३५ साली पसंतीचं पत्र लिहिलं. (भेट आलेली वस्तू वापरून मग कळवायचं, ही रीत आमच्या घरात आली असती तर बरं झालं असतं.) पण देशी पेन वापरायचं आणि पार्कर मिरवायचं, अशी वाटणी लोकांच्या मनात पक्की होती. १९५७ च्या सुमाराला परकीय चलनाची टंचाई आली, आयातीवर कडक बंधनं बसली. त्यानंतर पार्कर म्हणजे कुणीतरी बाहेरून आणलेलं, बिघडलं तर बदली न मिळणारं. अशा वस्तूने बाजारहाटाची यादी कोण लिहिणार? पुढे झाकलेल्या निबाचं, दिसायला तसंच, शांघायचं हीरो स्वस्तात मिळू लागलं. माझ्या कितीतरी उत्तरपत्रिका त्याने तपासून झाल्या आणि पार्कर डबीतच राहिलं. अमेरिकेत त्याचं उत्पादन १९७२ साली थांबलंसुद्धा.

भाचा म्हणाला, मावशी, इंटरनेटवर विक, हौशी लोक चांगले पैसे देतात. पैशांचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण हौशी माणूसही ते आणखी एका डबीतच ठेवणार.

माझी एक जुनी विद्यार्थिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. टाचणवही अजून शाईच्या पेनने लिहिते. दिवाळीत भेटायला आली तेव्हा तिच्या बोटाला शाई होती. ते पाहून मी डबी आणायला उठले, पण आत जाऊन उगाच कपाट आवरत बसले आणि ती तशीच गेली. गेल्या महिन्यात पुन्हा आली तेव्हा आधीच कोमट पाण्याने पेन धुऊन ठेवलं होतं. पाच-सहा वेळा पाणी निळं आलं. ती शाई बाबांनी भरलेली असेल की मी, कोण जाणे. पेन हातात दिलं तेव्हा ती "बाई, हे नको" म्हणाली. मी म्हटलं, एकच अट, रोज लिहायचं. हरवलं तर हरवलं. हे शेवटचं बोलताना माझा आवाज जरा फुटलाच.

चार दिवसांनी तिचा फोन. "बाई, निब झाकलेलं आहे, वरची बाजू कळतच नाही. कधी लिहितं, कधी नुसतं ओरखडतं."

मी सांगितलं, टोपण मागे लावशील तेव्हा क्लिप निबाच्या रेषेत ठेव, म्हणजे न बघताही बोटांना कळेल. हे मला बाबांनी शिकवलं होतं, १९६६ साली, पेन स्वतःच्याच हातात ठेवून.