साडेत्रेसष्ट अंश

दादर टीटीला उतरताना हे टीटी म्हणजे नक्की काय, असा प्रश्न कधी पडलाय का? ट्राम टर्मिनस! मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आली आणि तिथेच संपली. रूळ गेले, डोक्यावरच्या तारा गेल्या, नाव मात्र राहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बंद होऊन साठ वर्षं झाली, पण डीएनएसमधली एंट्री कोणी काढलीच नाही.

टीटीच्या पूर्वेला मात्र नावाहून मोठी गोष्ट शिल्लक आहे. हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांमधून पारसी कॉलनी आणि तिथून फाइव्ह गार्डन्सपर्यंत एकदा चालत जा. बाकीच्या मुंबईत न दिसणारी एक गोष्ट दिसेल: दोन इमारतींमधली मोकळी जागा. ती हौसेखातर सोडलेली नाही. तिच्यामागे प्लेग आहे.

सप्टेंबर १८९६. मांडवीतल्या रुग्णांना होतोय तो प्लेगच, हे पहिल्यांदा ओळखलं मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. बघता बघता लोक शहर सोडून पळायला लागले, गिरण्या ओस पडल्या. सरकारला धडकी भरली आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा जन्म झाला. ट्रस्टने दोन कामं हाती घेतली. जुन्या शहरातली दाट वस्ती पाडून रुंद रस्ते काढायचे (प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यातलेच), आणि उत्तरेला दादर-माटुंग्याची भातशेती ताब्यात घेऊन तिथे आखीव उपनगर वसवायचं.

अंधारी, कोंदट घरं म्हणजे रोगाचं मूळ, असं तेव्हाचं निदान होतं. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर या विषयाने पार झपाटलेले होते. १९१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा यावर व्याख्यान दिलं आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून वर साडेत्रेसष्ट अंशांत रेष काढा. समोरची इमारत त्या रेषेच्या आड येता कामा नये. अकरावी-बारावीची त्रिकोणमिती आठवा मंडळी, ६३.४३ अंशांचा टॅन म्हणजे बरोब्बर २! मधली जागा जितकी, त्याच्या दुपटीपेक्षा समोरची इमारत उंच नको. इतका साधा हिशोब.

आता यातली गंमत बघा. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमों याने १८९८ मध्येच कराचीत प्रयोग करून दाखवलं होतं. म्हणजे ट्रस्टचं रूट कॉज अ‍ॅनालिसिस चुकलंच होतं. पण फिक्स भलताच चांगला निघाला, कारण उजेड आणि खेळती हवा क्षयरोगासारख्या आजारांत खरोखरच कामाला येते.

इथवर वाचून ट्रस्टचा फार उदो उदो करावासा वाटत असेल, तर जरा थांबा. जुन्या शहरात घरं पाडली गेली ती गरिबांची. दादरला ब्लॉक मिळाले ते मात्र मध्यमवर्गाला. कारकून, शिक्षक, वकील, दक्षिणेतून आलेले नोकरदार. मंचरजी जोशींनी ट्रस्टच्या मागे लागून पारसी मध्यमवर्गासाठी प्लॉट मिळवले, कुठल्या रस्त्यावर कुठली झाडं लावायची इथपर्यंत लक्ष घातलं, त्यातून पारसी कॉलनी उभी राहिली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कॉलनीत पुस्तकांसाठी ऐसपैस जागा ठेवून ‘राजगृह’ बांधलं. ज्यांची घरं पाडली ते मात्र बहुतेक उरलेल्या चाळींमध्येच आणखी दाटीवाटीने राहिले.

आणि हे फक्त तेव्हाचं नाही. मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींमधला क्षयरोग आणि तिथल्या घरांत न पोचणारा उजेड यांचा संबंध दाखवणारा ‘डॉक्टर्स फॉर यू’चा अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यातल्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये सात मजली इमारती आहेत आणि दोन इमारतींत अंतर जेमतेम तीन मीटर. ऑरसाहेबांच्या हिशोबाने तिथे सहा मीटर, म्हणजे दोन मजले चालले असते! शंभर वर्षांपूर्वी या शहराला माहीत असलेली गोष्ट आपण विसरलो, आणि विसरल्याची किंमत पुन्हा त्याच लोकांकडून वसूल केली.

आता दादर-माटुंग्यातल्या जुन्या तीन मजली इमारतीही रीडेव्हलपमेंटला निघाल्या आहेत. लाकडी जिने कुजलेत, पाणी गळतं, तिथे राहणाऱ्यांना मोठं घर हवंय, यात गैर काहीच नाही. पण समजा समोर साठ मीटरचा टॉवर आला, तर मध्ये तीस मीटर हवेत. ते कुठून आणणार?

जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र कंडिशन दिसली, की ती कशासाठी आहे हे कळल्याशिवाय डिलीट करायची नाही, हे आपल्याला पहिल्याच प्रोजेक्टमध्ये कोणीतरी बजावतं. या गल्ल्यांमधली मोकळी जागा ही तशीच एक ओळ आहे, फक्त तिच्यावर कॉमेंट लिहायची राहून गेली.

तुमच्या फोनमध्ये कोन मोजायचं अ‍ॅप असेलच. या रविवारी खिडकीपाशी जमिनीवर फोन ठेवा, समोरच्या गच्चीच्या कठड्यावर नेम धरा आणि कोन बघा. साडेत्रेसष्टच्या आत असलात, तर नशीबवान आहात. नसलात, तर सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये कार्पेट एरियासोबत हाही आकडा विचारा.