चहाच्या कपाला डोळे फुटतात तेव्हा

सोळा चौकटी आडव्या, सोळा उभ्या. एवढ्या जागेत चहाचा कप काढायचा, त्याला दोन डोळे द्यायचे आणि बघणाऱ्याला तो गोंडस वाटला पाहिजे. पिक्सेल आर्ट शिकणाऱ्यांचा हा आवडता सराव. वरवर पाहता हा कालपरवाचा छंद वाटतो. पण या कपाची वंशावळ जुनी आहे, आणि तिच्या दोन शाखा आहेत: एक जपानी लोककथेची, दुसरी यंत्रांच्या तोकड्या स्मृतीची.

जपानमध्ये मुरोमाची काळापासून ‘त्सुकुमोगामी’ची कल्पना चित्रांच्या गुंडाळ्यांत दिसते. शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूत जीव येतो. वर्षअखेरीच्या साफसफाईत अशी जुनी भांडी, अवजारं रस्त्यावर फेकली जातात. ती रागावतात, सूड घेतात आणि शेवटी बौद्ध धर्माला शरण जाऊन मुक्त होतात. याच मातीतली दुसरी कथा ‘बुनबुकु चागामा’ची. तिच्यात तानुकी हा प्राणी चहाची किटली बनतो आणि विस्तवावर ठेवताच त्याचे पाय, शेपूट बाहेर येते. गुन्मा प्रांतातल्या तातेबायाशीचं मोरिन्जी मंदिर आजही या किटलीसाठी ओळखलं जातं.

दुसरी शाखा १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’पाशी पकडता येते. तोमोहिरो निशिकादो यांनी परग्रहवासी काढले ते खेकडा, ऑक्टोपस आणि माकूळ यांच्यावरून. सगळ्यात लहान आकृती जेमतेम आठ बाय आठ ठिपक्यांची. १९८३च्या फॅमिकॉम यंत्रावर एका हलत्या आकृतीला तीनच रंग मिळत, चौथा पारदर्शक. १९८९च्या गेमबॉयच्या पडद्यावर १६० बाय १४४ ठिपके आणि चारच छटा. त्याच सुमारास अमेरिकेत सुझन केअर मॅकिन्टॉशची चिन्हं आलेखाच्या कागदावर चौकट-चौकट भरून काढत होत्या. मोझेइक आणि जाळीवरचं भरतकाम यांच्याशी त्या या कामाचं नातं सांगतात. ‘पिक्सेल आर्ट’ हा शब्द छापील स्वरूपात आला १९८२मध्ये, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील अॅडेल गोल्डबर्ग आणि रॉबर्ट फ्लेगल यांच्या लेखनातून.

गोंडसपणाचं तंत्र या टंचाईतून घडलं. जागा कमी म्हणून डोकं मोठं, हातपाय जवळजवळ नाहीत. डोळे खाली आणि एकमेकांपासून दूर, कारण तान्ह्या बाळाचा चेहरा तसाच असतो. कोनराड लोरेन्झ यांनी १९४३मध्ये या लक्षणांची मांडणी केली होती. काचेची चमक दाखवायला एकच पांढरा ठिपका. वाफेसाठी दोन चित्रं आलटून पालटून. एक चौकट इकडची तिकडे गेली की हसरा कप रडका होतो.

‘कावाई’ या शब्दाचा अनुवाद करताना मी नेहमी अडते. ‘गोंडस’ लिहिलं की अर्धाच अर्थ येतो. या शब्दाचं मूळ संकोचाने चेहरा लाल होण्यात आहे. मग त्याला ‘कीव यावी असा’ ही छटा आली आणि पुढे ‘लोभस’. म्हणजे आपल्या ‘बिचारं’पासून ‘गोजिरं’पर्यंतचं सगळं अंतर एका शब्दात. डोळे लावलेला, कडेला टवका उडालेला कप पाहिला की हा अर्थ शब्दकोशाशिवाय समजतो.

१९९९मध्ये शिगेताका कुरिता यांनी जपानी मोबाइल सेवेसाठी १७६ चिन्हं काढली, प्रत्येक १२ बाय १२ ठिपक्यांचं. त्यातला कप म्हणजे कप नव्हे, ‘कॉफीचं दुकान’. तिरका प्याला म्हणजे बार. ठिपके शब्दांचं काम करू लागले. २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ही चिन्हं आपल्या संग्रहात घेतली.

दोन्ही शाखा २०१९च्या ‘पोकेमॉन’ खेळात एकत्र आल्या, असं मला वाटतं. कुणीतरी तसाच सोडलेल्या, गार झालेल्या चहात एकाकी आत्मा शिरला आणि एक जीव जन्मला. तो मोठा होतो तडा गेलेल्या किटलीमुळे. त्या मोठ्या रूपाचं जपानी नाव ‘पोट्टोदेसु’: ‘देसु’ म्हणजे ‘आहे’, आणि इंग्रजी ‘डेथ’चा जपानी उच्चारही तोच. ‘मी किटली आहे’ आणि ‘किटली-मृत्यू’ एकदमच. इंग्रजीत अनुवादकाने भुताच्या नावात चहा घुसवून ‘पोल्टीगाइस्ट’ केलं. मला मराठीत अजून जमलेलं नाही.

मूळ खेळात हा जीव त्रिमित आहे. हौशी चित्रकार मात्र त्याला पुन्हा चौकटीत बसवतात. आज यंत्राला लाखो रंग परवडतात, तरी ही मंडळी चारच का घेतात? टंचाई संपल्यावर तिचं तंत्रही अडगळीत जायला हवं होतं. ते गेलं नाही, कारण प्रत्येक चौकट हा एक निर्णय असतो आणि निर्णय घेणाऱ्याचा हात त्यात दिसतो. त्सुकुमोगामीची कथा हेच तर सांगते: वापरून टाकून दिलेल्या वस्तूत वापरणाऱ्याचं काहीतरी उरतं. आठ बिटांची ती यंत्रं आपण कधीच फेकून दिली. त्यांना डोळे फुटलेत, आणि ती कपातून आपल्याकडे बघताहेत.