मस्कतची पेटी, मुंबईची लायब्ररी आणि आपल्या घरातली पुस्तकं

मी मस्कतला नर्स होते तेव्हा मराठी पुस्तक मिळायची एकच वाट होती, कुणी रजेवरून येताना बॅगेत आणलं तर. लोणचं, पापड भरून वजन उरलं तर पुस्तक. मग ते क्वार्टर्सभर फिरायचं. माझ्या हाती येईपर्यंत शेवटची पानं सुटलेली असायची. काही कादंबऱ्यांचा शेवट मला अजून माहीत नाही!

म्हणून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेच्या पेट्या ओमानलाही पोचल्याचं कळलं तेव्हा फार बरं वाटलं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ साली ही योजना सुरू केली. लोकांनी वाढदिवसाला पुस्तकांसाठी देणगी द्यायची, त्यातून पेटी भरायची आणि ती वाचकांच्या एका गटाकडे द्यायची. काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. इमारत नाही, वर्गणी नाही. पेटी सांभाळणारा गटातलाच कुणीतरी.

ओमानचा आपल्या वाचनालयांशी आणखी एक धागा आहे, तो थोडा लांबचा. १८३५ मध्ये इंडियन नेव्हीचा लेफ्टनंट वेलस्टेड ओमानला गेला होता. मस्कतमध्ये त्याला ज्यू कुटुंबं भेटली. दाऊद पाशाच्या जाचाला कंटाळून ती १८२८ मध्ये बगदादहून आली होती, असं त्याने लिहून ठेवलंय. त्याच पाशाच्या भीतीने डेव्हिड ससूनही बगदाद सोडून बुशहरला गेले आणि तिथून मुंबईला आले. मस्कतच्या त्या कुटुंबांमागे नाव सांगायलाही काही उरलं नाही. मुंबईत काळा घोड्याला ससून लायब्ररी उभी आहे.

तिची सुरुवात मात्र ससूननी केलेली नाही. १८४७ मध्ये टांकसाळ आणि गोदीतल्या तरुण कारागिरांनी आपल्यासाठी वाचनाची संस्था काढली होती. पुढे डेव्हिड ससूननी इमारतीसाठी ६०,००० रुपये दिले, आणि १८७० मध्ये मालाडच्या दगडाची ती वास्तू पुरी झाली. बगदादी मंडळींनी १८३६ मध्ये कबरस्थानात आपल्यापासून वेगळी भिंत मागितली होती, हे मी विसरलेली नाही. वाचनालय मात्र कुणा एका जमातीसाठी बांधलं गेलं नाही. श्रेय द्यायचं तिथे द्यावं.

मग आपलं, बेने इस्राएलांचं, काय? पुस्तकं आपल्याकडेही होती. मराठी भाषांतरासह हगादा मुंबईत १८४६ मध्येच शिळाप्रेसवर छापली गेली. १८७४ च्या पुण्याच्या हगादेत तर लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्सा करतानाची चित्रं आहेत. म्हणजे आपल्या आज्यापणज्याच! पण ही पुस्तकं घरोघरी पेटीत, कपाटात राहिली. जीर्ण झाली की पुरायची, कारण देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही. तो नियम मला मान्य आहे. पण हिब्रूबरोबर समोरचं मराठी पानही मातीत गेलं, आणि ज्यांत हिब्रू नव्हतं ती कीर्तनांची पुस्तकं, मासिकं, शाळेचे अहवाल रद्दीत गेले. एका घरी सामान आवरताना मी स्वतः पाहिलंय. मुलं इस्रायलला वाढलेली, मराठी वाचता येत नाही. रद्दीवाल्याने किलोवर नेलं. मी उशिरा पोचले.

कारागिरांनी जमवली तशी, किंवा नाशिकची पेटी फिरते तशी, आपली पुस्तकं चार हातांतून गेली असती तर त्यांच्या थोड्या प्रती तरी कुणाकडे उरल्या असत्या.

सध्या मी आईच्या हगादेची पानं मोबाईलवर एकेक करून टिपते आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी जुनं मराठी पुस्तक असेल तर पहिल्या पानाचा फोटो काढा आणि सन व छापखान्याचं नाव मला कळवा. पान सुटलेलं असलं तरी चालेल, आणि पुस्तक पुरायचं ठरलं असेल तर त्याआधी कळवा.