दुखायचं थांबलं म्हणून...

माझी उजवीकडची खालची दाढ गेली. गेली म्हणजे काढावी लागली. यात डॉक्टरांचा काडीचाही दोष नाही, सगळा माझाच.

रूट कॅनाल सुरू केलं होतं. पहिल्या सिटिंगला डॉक्टरीणबाईंनी दाढ उघडली, नस काढली, आत औषध घालून वर कच्चं सिमेंट लावलं आणि "पुढच्या आठवड्यात नक्की या हं" म्हणून बजावलं. त्या रात्री कित्येक दिवसांनी शांत झोप लागली. आणि तो पुढचा आठवडा काही उगवला नाही. आधी ऑफिस, मग दिवाळी, मग बहिणीच्या घरचं लग्न... ठणका नाही तर दवाखान्याची पायरी कशाला चढायची? आठ महिन्यांनी भाकरी चावताना कट्ट आवाज झाला आणि दाढ उभी चिरली. एक्सरेत मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसत होती. म्हणजे मी निवांत होतो तेव्हा आत काम चालूच होतं.

मग दातांच्या इतिहासावर मिळेल ते वाचत सुटलो. (दाढ गेल्यावर सुचलेलं शहाणपण!) वाचता वाचता लक्षात आलं की "दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं" ही माझी चूक फार जुनी आहे.

आपण अजूनही दाताला 'कीड' लागली म्हणतो. सुश्रुतसंहितेत 'कृमिदंतक' असा रोगच आहे. बॅबिलोनच्या लोकांनाही दातात किडा असतो असंच वाटायचं. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'किडे' पाडणारे होते, युरोपातही अशाच धुऱ्या देत. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि हे किडे आपल्याला काही दिसले नाहीत असं स्पष्ट सांगितलं. दाताला भोक पाडून आतला पू वाहू द्यायचा, लवंगेचं किंवा दालचिनीचं तेल वापरायचं, मग शिसं भरायचं, ही त्यांची रीत. आमची आजीही दाढेत लवंगच धरायला सांगायची! लवंगेच्या तेलाने ठणका बसतो हे खरंच आहे. फक्त रोग जात नाही.

पुढे १८३६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पूनर नावाच्या दंतवैद्याने नस मारण्यासाठी चक्क आर्सेनिक, म्हणजे सोमल, सुचवला. दातात जरासा ठेवायचा, नस मरते, दुखणं थांबतं. पण तो ठरल्या दिवसांत काढावाच लागतो. राहिला किंवा झिरपला तर हिरडी आणि जबड्याचं हाडही मरतं. आता विचार करा, दुखणं थांबलेला पेशंट ठरल्या दिवशी परत येणार का? माझ्यासारखे तेव्हाही असणारच.

त्याच वर्षी जर्मनीत लुडविग या डॉक्टरांनी एका भयंकर आजाराचं वर्णन केलं. जबड्याखाली दगडासारखी सूज येते, जीभ वर ढकलली जाते आणि श्वास कोंडतो. पुढे कळलं की याचं मूळ बहुतेक वेळा खालच्या दाढेत असतं. अँटिबायोटिक्स येण्याआधी निम्म्याहून जास्त रोगी यात दगावत. आज हा आजार क्वचित होतो, पण संपलेला नाही. हे वाचताना माझा हात आपोआप हनुवटीखाली गेला.

१८९० मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन संशोधकाने तोंडातल्या जंतूंवर पुस्तक लिहिलं आणि खरा 'किडा' कोण ते कळू लागलं. पण मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलच्या भाषणात, सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्यांवर कडक टीका केली. टीकेत तथ्य होतं, पण परिणाम असा झाला की पुढची काही दशकं सांधे दुखले तरी दात उपटू लागले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयात हेन्री कॉटन या अधीक्षकाने तर वेड बरं करायचं म्हणून रुग्णांचे दात काढले. अर्धवट कामाची भीती इतकी, की पूर्ण काम करून दात वाचू शकतो हेच लोक विसरले.

निकाल लागला १९६५ मध्ये, उंदरांवर. काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत काही उंदीर पूर्ण जंतुरहित वातावरणात वाढवले, काही नेहमीसारखे. दोघांच्या दाढांना नसेपर्यंत भोकं पाडली. साध्या उंदरांच्या नसा सडून गळू झालं. जंतुरहित उंदरांच्या मात्र, भोक उघडं असून आणि त्यात अन्न अडकूनही, जिवंत राहिल्या, वर नवा थरही धरला. म्हणजे दोष भोकाचा नव्हता, त्यातून आत जाणाऱ्या जंतूंचा होता.

हे वाचलं आणि माझ्या आठ महिन्यांचा हिशेब लागला. कच्चं सिमेंट हे थोड्या दिवसांपुरतं लावलेलं दार. ते झिजतं, कडेने झिरपतं. आत नस नाही म्हणून ठणकाही नाही. पण नसेबरोबर रक्तपुरवठाही गेलेला, त्यामुळे शरीराचे पहारेकरी आत पोचत नाहीत आणि गोळ्यांचं औषधही नाही. जंतूंना याहून बरी खोली कुठली? त्यात पोखरलेल्या दाढेवर कॅप नाही, मग ती चिरणारच.

ठणका म्हणजे दारावरची घंटा. मी घंटेची तार कापली आणि पाहुणा गेला असं समजलो.

असो. तुमच्यापैकी कुणाची दाढ 'पुढच्या आठवड्यावर' राहिली असेल तर आज फोन करून अपॉइंटमेंट घ्या. दुखत नसेल तर आधी.