युरोपीय सागरी क्षेत्रातील पकडमर्यादा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
समुद्रातील मासळी कधीही संपणार नाही, असा समज एकोणिसाव्या शतकात युरोपमध्ये रूढ होता. १८८३ मध्ये लंडन येथील मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सले यांच्यासारख्या शास्त्रज्ञानेही कॉड, हेरिंग इत्यादींची मासेमारी बहुधा अक्षय असल्याचे मत मांडले होते. वाफेवर चालणाऱ्या ट्रॉलर नौकांनी हा समज खोटा ठरविला. दोन महायुद्धांच्या काळात उत्तर समुद्रातील मासेमारी मंदावताच मत्स्यसाठे वाढले, तर युद्धानंतर ते पुन्हा घटले. मासळीच्या ऱ्हासास मानवी पकडच कारणीभूत आहे, हे त्यावरून दिसून आले. पकडीला मर्यादा घालण्याच्या प्रयत्नांचे यशापयश प्रस्तुत लेखात तपासले आहे.

मर्यादेची वाटचाल :
१९४६ च्या लंडन करारात केवळ जाळ्याच्या आसाचा व माशाच्या किमान लांबीचा विचार होता. एकूण पकडीवर बंधन नव्हते. १९७७ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाच्या सदस्य राष्ट्रांनी उत्तर समुद्र व अटलांटिकमधील आपले मत्स्यक्षेत्र २०० सागरी मैलांपर्यंत वाढविले. पुढे २५ जानेवारी १९८३ रोजी समुदायाचे सामाईक मत्स्यधोरण अस्तित्वात आले. त्यानुसार प्रत्येक साठ्याची एकूण अनुज्ञेय पकड दरवर्षी ठरू लागली व ती पूर्वीच्या पकडीच्या आधारे राष्ट्रांमध्ये वाटली जाऊ लागली. सल्ला शास्त्रज्ञांचा, निर्णय मात्र मंत्र्यांचा, अशी ही रचना होती. परिणामी अनेकदा शिफारशीपेक्षा अधिक मर्यादा मंजूर झाली.

हेरिंग आणि कॉड :
उत्तर समुद्रातील हेरिंगचा साठा कोसळल्यावर १९७७ मध्ये तेथील हेरिंगची मासेमारी बंद करण्यात आली. तिच्यावर जगणाऱ्या बंदरांना मोठी झळ बसली. परंतु साठा सावरला आणि १९८३ पर्यंत मासेमारी पूर्ववत सुरू झाली. कॉडबाबत मात्र शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये संपूर्ण बंदी सुचविली असता मंत्र्यांनी मर्यादा जवळजवळ निम्म्यावर आणण्यातच समाधान मानले. या फरकामागे केवळ राजकारण नव्हते. हेरिंग एकजातीय थव्यांत सापडतो. कॉड हॅडॉक व व्हायटिंगसमवेत एकाच जाळ्यात येतो. कॉडचा कोटा संपला तरी इतर मासळीसाठी जाळी पडतच राहिली आणि जादा कॉड मृतावस्थेत समुद्रात फेकला गेला. कायदा बंदरात उतरविलेली मासळी मोजत होता, मारलेली नव्हे.

२०१३ ची सुधारणा :
२०१३ च्या सुधारणेने ही उणीव मान्य केली. शक्य तेथे २०१५ पर्यंत व उशिरात उशिरा २०२० पर्यंत सर्व साठ्यांची पकड कमाल शाश्वत उत्पादनाच्या पातळीवर आणण्याचे बंधन स्वीकारले गेले. कोट्यातील सर्व मासळी किनाऱ्यावर आणण्याची सक्ती २०१५ ते २०१९ या काळात टप्प्याटप्प्याने लागू झाली. तथापि २०२० चे उद्दिष्ट पूर्णतः साध्य झाले नाही. उत्तर समुद्रातील कॉडला २०१७ मध्ये लाभलेले शाश्वततेचे प्रमाणपत्रही २०१९ मध्ये स्थगित झाले.

निष्कर्ष :
मर्यादा कागदावर निश्चित केल्याने अतिमासेमारी थांबत नाही. ती शास्त्रीय सल्ल्याशी सुसंगत असावी आणि प्रत्यक्ष मारल्या गेलेल्या प्रत्येक माशाला लागू व्हावी, हाच या इतिहासाचा बोध होय. हेरिंगच्या बंदीची किंमत मच्छीमारांनी काही वर्षे मोजली. कॉडबाबतच्या तडजोडीची किंमत मात्र त्यांना दीर्घकाळ मोजावी लागली.