बीटल्सच्या गाण्यांची बखर आणि दफ्तर

शिवकालाच्या किंवा पेशवाईच्या एखाद्या प्रसंगावरून वाद माजावा, कागदाला कागद भिडवावा, एका तिथीसाठीं दोन विद्वानांनीं वर्षानुवर्षें एकमेकांशीं अबोला धरावा, हें आपल्याकडे नवें नाहीं. परंतु लिव्हरपूलच्या चार गाणाऱ्या-वाजविणाऱ्या तरुणांनीं अमुक गाणें कोणत्या दिवशीं, कितव्या खेपेस आणि कोणाकडून ड्रम वाजवून घेऊन ध्वनिमुद्रित केलें, याचा कोणी तासांनिशीं शोध घेत बसला आहे असें ऐकलें, तर पुष्कळ सुज्ञ गृहस्थांस हंसूं येईल. ‘बीटल्स’ या मंडळीच्या बाबतींत असा शोध खरोखरीच झालेला आहे. इतिहासाचें साधन कशास म्हणावें, याचा त्यांत जितका स्वच्छ पडताळा येतो, तितका मोठमोठ्या लढायांच्या वृत्तांतांतही क्वचित् येतो. म्हणून त्या हंसण्याची पर्वा न करतां हा विषय वाचकांपुढें मांडीत आहें.

राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला. मागाहून लिहिलेली बखर आणि त्या दिवसाचा अस्सल कागद यांतील अंतर तेव्हांपासून आपल्या चांगलें परिचयाचें झालें आहे. बखरकार खोटा असतोच असें नव्हे. तो आठवणीनें लिहितो, आणि आठवण ही कथा रंगविल्यावांचून राहात नाहीं, एवढेंच. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार यांची पहिली तबकडी ऑक्टोबर १९६२ मध्यें निघाली आणि १९७० च्या वसंतांत मंडळी फुटली. या आठ वर्षांहूनही कमी काळाविषयीं स्वतः या चौघांनीं, त्यांच्या सोबत्यांनीं व चाहत्यांनीं पुढें अर्धशतकभर इतकें सांगितलें आहे कीं, त्याची एक प्रचंड बखरच तयार व्हावी.

सुदैवानें दफ्तरही शिल्लक आहे. त्यांचीं बहुतेक गाणीं लंडनच्या वायव्य भागांत ॲबी रोडवरील तिसऱ्या क्रमांकाच्या घरांत झालीं. ई. एम. आय. कंपनीचा हा स्टुडिओ १९३१ च्या नोव्हेंबरांत उघडला, आणि त्या प्रसंगीं वाद्यवृंदाचें संचालन केलें तें सर एडवर्ड एल्गर यांनीं. बीटल्सच्या काळींही तेथील शिस्त एखाद्या सरकारी कचेरीसारखी होती. यंत्रांची देखभाल करणारे लोक पांढरे डगले घालून वावरत. बैठकीची तारीख व वेळ कागदावर मांडली जाई. फितीच्या पेटीवर गाण्याच्या प्रत्येक खेपेचा अनुक्रमांक लिहिला जाई, आणि ती खेप पुरी झाली कीं अर्ध्यांतच मोडली हेंही टिपलें जाई. हे कागद आणि या फिती तपासून मार्क लुईसन यांनीं १९८८ सालीं बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांची रोजनिशी प्रसिद्ध केली, तेव्हां बखरीची झाडाझडती सुरू झाली.

पहिलेंच गाणें घ्या. ‘लव्ह मी डू’ हें दिसावयास अगदीं साधें गाणें तीन वेळां ध्वनिमुद्रित झालें, आणि तिन्ही वेळां ड्रमवर निरनिराळा मनुष्य होता. ६ जून १९६२ रोजीं पीट बेस्ट होता. त्यास मंडळींतून काढल्यावर ४ सप्टेंबरला रिंगो आला. पुढें एका आठवड्यानें, ११ सप्टेंबरला, अँडी व्हाइट नांवाचा धंदेवाईक वादक बोलावण्यांत आला आणि रिंगोच्या हातीं नुसती खंजिरी देण्यांत आली. ऑक्टोबरांत निघालेल्या तबकडीवर ४ सप्टेंबरची, म्हणजे रिंगोची खेप आहे. १९६३ च्या मार्चांतील मोठ्या तबकडीवर व्हाइटची. घरीं ऐकून ओळखावयाचें असेल तर खूण सोपी आहे. खंजिरी वाजते तेथें ड्रम व्हाइटचा, आणि ती नाहीं तेथें रिंगोचा. ४ सप्टेंबरची मूळ फीत कंपनीनें जपली नाहीं. पुढें ती खेप पुन्हां प्रसिद्ध करावयाची वेळ आली तेव्हां ती एका जुन्या तबकडीवरूनच उतरून घ्यावी लागली. मूळ पत्र गहाळ व्हावें आणि नकलेवर भिस्त ठेवावी लागावी, असाच हा प्रकार आहे. ‘शी लव्ह्‌ज यू’ या १९६३ मधील गाण्याची मूळ फीतही अशीच नाहींशी झाली. ज्या गाण्यानें त्यांचें नांव घरोघर नेलें, त्याची ही गत!

दफ्तर नेहमीं बखरीस खोटेंच पाडतें असें मात्र नाहीं. ११ फेब्रुवारी १९६३ रोजीं सकाळीं दहापासून रात्रीं पावणेअकरापर्यंत, मधली विश्रांति वगळून, या चौघांनीं पहिल्या मोठ्या तबकडीचीं दहा गाणीं पुरीं केलीं. लेननला त्या दिवशीं पडसें झालें होतें. ‘ट्विस्ट अँड शाउट’ हें घसा फाडून गावयाचें गाणें म्हणून मुद्दाम शेवटीं ठेवलें होतें, आणि तें एकदां गातांच त्याचा आवाज बसला, अशी कथा आहे. तबकडीवर पहिलीच खेप आहे आणि दुसरी खेप उपयोगाची निघाली नाहीं, असें कागदही सांगतो. येथें बखर जिंकते.

‘आय फील फाइन’ या गाण्याच्या आरंभीं गिटारचा जो घूं असा लांबट आवाज येतो, त्याची गोष्ट निराळी. लेननची गिटार ध्वनिवर्धकास टेकून राहिली, त्यामुळें तो आवाज निघाला, सर्वांस आवडला आणि तसाच गाण्यांत राहिला, असें पुष्कळ वर्षें सांगत आले. परंतु १८ ऑक्टोबर १९६४ च्या फिती ऐकल्या तर तो आवाज पहिल्या खेपेपासूनच हजर आहे. योगायोग घडला असेल तर तो त्यापूर्वीं केव्हां तरी. त्या दिवशीं तो ठरवून केलेला होता. कारागिराचे कष्ट सांगण्यापेक्षां अपघाताची कथा सांगणें कोणासही अधिक गोड वाटतें, आणि म्हणूनच अशा कथांकडे अंमळ संशयानेंच पाहिलें पाहिजे.

आतां त्या कष्टांकडे वळूं. आरंभीं या स्टुडिओंत दोनपदरी फितीवर काम चाले. १७ ऑक्टोबर १९६३ पासून बीटल्सना चौपदरी फीत मिळाली, म्हणजे चार ध्वनि एकमेकांपासून वेगळे ठेवतां येऊं लागले. चारही पदर भरले म्हणजे ते दुसऱ्या फितीच्या एकदोन पदरांत मिसळून उतरावयाचे आणि उरलेल्या जागेंत नवीन भर घालावयाची. एकदां मिसळलेलें मात्र पुन्हां निराळें करतां येत नसे. शिवाय प्रत्येक उताऱ्यागणिक फितीची खरखर वाढे. या अडचणींतूनच पुष्कळ शोध लागले. ‘इन माय लाइफ’ या १९६५ मधील गाण्याच्या मध्यें हार्पसिकॉर्डसारखें जें वाद्य ऐकूं येतें तें हार्पसिकॉर्ड नव्हेच. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनीं २२ ऑक्टोबर रोजीं फीत निम्म्या वेगानें चालवून त्यावर सावकाश, एक सप्तक खालीं पियानो वाजविला. फीत मूळ वेगानें लावतांच तो दुप्पट जलद व एक सप्तक वर ऐकूं येऊं लागला. याच गाण्याची चाल कोणाची, याविषयीं लेनन व मॅकार्टनी यांच्या आठवणी जुळत नाहींत. गाणीं दोघांच्या जोडनांवानें प्रसिद्ध करावयाचीं असा त्यांचा करार असल्यामुळें कागदही मुका आहे. हा वाद मिटणारा नाहीं, आणि तो मिटविण्याची घाई कोणी करूं नये हें बरें.

या सर्व कारागिरीचा कळस म्हणजे ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’. २४ नोव्हेंबर १९६६ रोजीं त्यास आरंभ झाला. पहिला ढंग मंद व हळुवार होता; त्यांतील सातवी खेप पसंत पडली. मग लेननला वाटलें कीं गाणें अधिक भारदस्त हवें. म्हणून तुताऱ्या व चेलो घालून नवा, जलद ढंग बसविला. ती सव्विसावी खेप. शेवटीं त्यानें मार्टिन यांस सांगितलें कीं, मला पहिल्याची सुरुवात आवडते आणि दुसऱ्याचा शेवट. दोन्ही जोडून द्या. दोहोंची पट्टी निराळी, लय निराळी! आपल्याकडील एखाद्या गवयास असें सांगितलें असतें तर त्यानें तंबोरा खालीं ठेवला असता. परंतु पाहिलें तों जो तुकडा लयीनें जलद होता तोच पट्टीनेंही चढा होता. फितीचा वेग उतरविला कीं लय आणि पट्टी दोन्ही बरोबरच खालीं येतात. म्हणून एका तुकड्याचा वेग किंचित् चढवून व दुसऱ्याचा उतरवून मार्टिन व तरुण यंत्रज्ञ जेफ एमेरिक यांनीं २२ डिसेंबरला दोन्ही फिती कातरून जोडल्या. सांधा सुमारें एका मिनिटावर आहे. तो माहीत झाल्यावर ऐकूं येतो; तत्पूर्वीं लक्षावधि लोकांस आला नव्हता. पंचावन्न तासांचें हें काम १९६७ च्या फेब्रुवारींत तबकडीवर आलें आणि इंग्लंडांत दुसऱ्या क्रमांकावर अडकून पडलें. वर होतें तें एंजलबर्ट हम्परडिंक यांचें ‘रिलीज मी’, हें आज फारच थोड्यांच्या लक्षांत असेल.

याच गाण्याच्या शेवटावरून पुढें एक गंमत झाली. १९६९ च्या शरदांत अमेरिकेंत अशी कंडी पिकली कीं, पॉल मॅकार्टनी केव्हांच मेला असून त्याच्या जागीं एक तोतया वावरतो आहे. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ जिवंत असल्याचें भासवून आपल्याकडे तोतया निघाला होता. येथें जिवंत माणसास मृत ठरवून तोतया निर्माण केला गेला. पुरावा काय, तर गाण्याच्या शेवटीं लेनन ‘मीं पॉलला पुरलें’ असें पुटपुटतो. लेननचें म्हणणें, आपण ‘क्रॅनबेरी सॉस’ म्हणालों. सातवी खेप १९९६ सालीं प्रसिद्ध झाली, तींत ते दोन शब्द स्वच्छ ऐकूं येतात. चटणीवरून एवढें रामायण!

या दफ्तराच्या बाबतींत एका लहानशा नोकराचेंही स्मरण ठेवलें पाहिजे. ‘हर मॅजेस्टी’ ही पंचवीस सेकंदांच्या आंतली चीज १९६९ च्या ‘ॲबी रोड’ या तबकडींतील गाण्यांच्या लांब मालिकेंत मध्येंच होती. मॅकार्टनीला ती तेथें नको झाली व त्यानें ती टाकून देण्यास सांगितलें. परंतु बीटल्सचें कांहींही फेंकावयाचें नाहीं असा तरुण यंत्रज्ञ जॉन कर्लँडर यास हुकूम होता. म्हणून त्यानें तो तुकडा फितीच्या अगदीं शेवटीं, मध्यें कोरी फीत सोडून, चिकटवून ठेवला. मॅकार्टनीनें पुढें फीत ऐकली, शेवटीं तो तुकडा अवचित वाजला, आणि तो तसाच राहिला. तिच्या आरंभीं जो जोराचा आघात ऐकूं येतो, तो वस्तुतः आधींच्या गाण्याचा शेवट आहे. ताडपत्रावरील पहिल्या अक्षराबरोबर शेजारच्या पानाची शाई उमटावी, तसा तो तेथें चिकटून राहिला आहे.

असें हें जपलेलें दफ्तर. तरीही त्यांत एक मोठें भोंक आहे, आणि तें नेमकें आपल्या लोकांच्या बाजूस आहे. हॅरिसनला सतारीचा नाद लागला तो १९६५ मध्यें. पुढील वर्षाच्या एप्रिलांत ‘लव्ह यू टू’ या गाण्यासाठीं अनिल भागवत यांनीं तबला वाजविला. सोळा मात्रांचा ठेका धरून त्यांनीं बरेंचसें आयत्या वेळीं रचलें. त्यांचें नांव ‘रिव्हॉल्व्हर’ तबकडीच्या वेष्टनावर छापलें गेलें. बाहेरच्या वादकाचें नांव वेष्टनावर येणें ही त्या काळीं विरळाच गोष्ट. १९६८ च्या जानेवारींत हॅरिसन मुंबईस आला व हिज मास्टर्स व्हॉइसच्या स्टुडिओंत त्यानें ‘वंडरवॉल’ चित्रपटाचें संगीत ध्वनिमुद्रित केलें. मुंबईस एकपदरी यंत्रच होतें, म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनीं दोनपदरी यंत्र कलकत्त्याहून आगगाडीनें आणविलें, असें तो सांगत असे. त्याच मुक्कामांत ‘दि इनर लाइट’ या गाण्याचा वाद्यांचा भाग झाला. गाणें त्यावर फेब्रुवारींत लंडनला चढविलें. ‘वंडरवॉल’च्या वेष्टनावर आशिष खाँ, शिवकुमार शर्मा प्रभृति वादकांचीं नांवें आहेत.

या दोहोंच्या मधलें गाणें ‘विदिन यू विदाउट यू’, १५ मार्च १९६७ चें. त्यांत हॅरिसनखेरीज बीटल्सपैकीं कोणीही नाहीं. दिलरुबा, तंबोरा व तबला वाजविणारे लंडनमधील भारतीय वादक त्या बैठकीस आले होते. दिलरुब्याची मींड इंग्रज व्हायोलिनवाल्यांच्या हातून निघावी म्हणून मार्टिन यांस बराच खटाटोप करावा लागला. तें गाणें ज्या ‘सार्जंट पेपर’ तबकडीवर आलें तिचें मुखपृष्ठ प्रसिद्ध मंडळींच्या चेहऱ्यांनीं गच्च भरलेलें आहे. योगानंदांसह चार भारतीय योगी त्यांत आहेत. महात्मा गांधींचेंही चित्र होतें. हिंदुस्थानांत विक्रीस बाध येईल या भीतीनें कंपनीचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवुड यांनीं तें काढावयास लावलें. दिलरुबा वाजविणाऱ्यांचीं नांवें मात्र वेष्टनावर कोठेंच नव्हतीं. तीं प्रसिद्ध होण्यास २०१७ साल उजाडलें. दिलरुब्यावर अण्णा जोशी व अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, आणि तबल्यावर नटवर सोनी, असे ते चौघे होते.